ईस्टरचीं अंडीं व मुलांचे खेळ

मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या पूर्वार्धांत खारघरच्या गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर हल्लीं एक सूचना लागलेली दिसते. रविवारीं सकाळीं बागेंत लहान मुलांसाठीं 'एग हंट' ठेविला आहे, प्रत्येकानें आपापली टोपली आणावी, असा तिचा आशय असतो. त्या दिवशीं प्लॅस्टिकचीं रंगीत अंडीं जास्वंदीच्या कुंपणांत, घसरगुंडीखालीं, पाण्याच्या नळामागें दडविलेलीं असतात; त्यांच्या पोटांत चॉकोलेट असतें; आणि ज्यांच्या घरीं ख्रिस्ताचें नांव सणावारीं कधीं उच्चारलें जात नाहीं अशीं पांच-सात वर्षांचीं मुलें तीं शोधण्यासाठीं धांवत सुटतात. शिशुवर्ग चालविणाऱ्या शाळांतून तर हा कार्यक्रम वर्षाच्या वेळापत्रकांतच छापलेला आढळतो.

या खेळाकडे पाहणाऱ्या वडील मंडळींचे दोन पक्ष आहेत. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हें निव्वळ परदेशी खूळ असून बाजारानें तें आमच्या गळ्यांत बांधलें आहे. आमच्या मुलांना आमचे सण थोडे आहेत काय? दुसरा पक्ष म्हणतो, मुलें चार घटका मोकळ्या हवेंत धांवतात, यांत बिघडलें कोठें? दोन्ही पक्षांशीं आमचें थोडें थोडें जमतें. परंतु दोघांचीही एक समजूत समान आहे. ती अशी कीं, या खेळास इतिहास असलाच तर तो दूरच्या कोणा देवदेवतांचा असावा, आणि आमच्या जीवनाशीं त्याचा कांहीं एक संबंध नसावा. ही समजूत आम्हांस बरोबर वाटत नाहीं. ईस्टरच्या अंड्याचा उगम देवळांत नसून स्वयंपाकघरांत व कोंबड्यांच्या खुराड्यांत आहे. आणि ज्या कारणानें तें अंडें मुलांच्या हातीं आलें, तें कारण मराठी घरांस चांगलें परिचित आहे.

प्रथम तिथीचा विचार करूं. ख्रिस्त वधस्तंभावर मरण पावल्यावर तिसऱ्या दिवशीं पुन्हां उठला, या श्रद्धेचा हा सण. इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें सर्व मंडळ्यांनीं तो एकाच रविवारीं पाळावा असें ठरविलें; आणि पुढें रूढ झालेला नियम असा कीं, २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा जो रविवार तो ईस्टर. म्हणजे नाताळाप्रमाणें हा सण इंग्रजी तारखेस बांधलेला नाहीं. तो आमच्या सणांप्रमाणें चंद्राकडे पाहून चालतो. ही पौर्णिमा कधीं फाल्गुनी तर बहुधा चैत्री असते. २०२१ सालीं २८ मार्चला होळी पेटली व पुढच्याच रविवारीं, ४ एप्रिलला, ईस्टर आला. २०२३ सालीं ६ एप्रिलला हनुमानजयंती व ९ एप्रिलला ईस्टर असा योग होता. होळीच्या किंवा हनुमानजयंतीच्या मागोमाग येणारा हा सण पंचांग वाचणाऱ्या माणसास अगदींच परका वाटूं नये.

नांवासंबंधीं मात्र एक भ्रम फार पसरलेला आहे. ईऑस्ट्रे नांवाची वसंताची देवी होती, ससा हें तिचें वाहन व अंडें हें तिचें चिन्ह, आणि ख्रिस्ती लोकांनीं तिचाच सण उचलला, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें असतें. याला आधार काय म्हणून शोधूं गेल्यास हातीं एवढेंच येतें कीं, बीड नांवाच्या इंग्रज भिक्षूनें ७२५ च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथांत, एप्रिल महिन्याचें जुनें नांव या नांवाच्या देवतेवरून पडलें, असें सांगितलें आहे. तेथें ससा नाहीं व अंडेंही नाहीं. पुढें अकराशें वर्षांनीं, १८३५ सालीं, जर्मन पंडित याकोब ग्रिम यानें या एका उल्लेखावरून जर्मनांतही अशीच देवी असावी असा तर्क केला, आणि मग तर्काच्या पायावर लोकांनीं हौसेनें मजले चढविले. खुद्द युरोपांतील बहुतेक भाषांत सणाचें नांव यहुद्यांच्या 'पेसाख' या शब्दावरून आलेलें आहे. मराठी बायबलांत ज्याला वल्हांडण म्हणतात तोच हा शब्द. तेव्हां देवीस रजा देऊन आपण अंड्याकडे वळूं.

आषाढ शुद्ध नवमीस आपण कांदेनवमी म्हणतों. दोन दिवसांनीं एकादशी, व तेथून चातुर्मास. मग कार्तिकापर्यंत कांदा वर्ज्य, म्हणून त्या दिवशीं कांद्याचीं भजीं, कांद्याचें थालीपीठ, कांद्याची भाजी, असा घरांतील कांद्याचा समाचार घेतला जातो. वांगेंही चातुर्मासांत खात नाहींत. तें मार्गशीर्षांत चंपाषष्ठीला खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हां पानांत येतें. वर्ज्य कालाच्या अलीकडे एक सण व पलीकडे एक सण, अशी ही रचना आहे. जुन्या युरोपांतील रचना हुबेहूब अशीच होती. ईस्टरपूर्वींच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकालांत मांस तर वर्ज्य असेच, परंतु जें प्राण्यापासून निघतें तें दूध, लोणी व अंडें हेंही वर्ज्य असे; तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस या धर्मपंडितानें या वर्जनाची मीमांसा केलेली आहे. उपवासकालाच्या आदल्या मंगळवारीं घरांतलीं अंडीं संपविण्यासाठीं इंग्लंडांत धिरड्यासारखे पॅनकेक करीत. ती त्यांची कांदेनवमी.

येथपर्यंत साम्य आहे. आतां भेद पाहा. कांदा माळ्यावर टांगून ठेविला तर तो स्वस्थ राहतो. कोंबडीला प्रायश्चित्तकाल कळत नाहीं. उलट थंड देशांत हिंवाळ्याच्या आंखूड दिवसांत कोंबड्या अंडीं घालण्याचें जवळजवळ थांबवितात, आणि फेब्रुवारी-मार्चांत दिवस वाढूं लागला कीं प्रकाशाच्या प्रभावानें पुन्हां जोरानें घालूं लागतात. म्हणजे ज्या दिवसांत माणसानें अंडें खाणें सोडलें, नेमके तेच दिवस कोंबडीच्या भरभराटीचे. एखाद्या शेतकऱ्याकडे दहा कोंबड्या आहेत व प्रत्येक कोंबडी दिवसाआड एक अंडें देते असें धरलें, तरी मधले रविवार मिळून होणाऱ्या शेहेचाळीस दिवसांत दोनशें तीस अंडीं सांचतात. कांहीं उबवणीस ठेवावींत, कांहीं जमीनदारास खंड म्हणून द्यावींत (मध्ययुगीन गांवांतून ईस्टरच्या वेळीं अंड्यांचा खंड देण्याची वहिवाट होती), कांहीं उकडून टिकवावींत. तरीही रास उरतेच. ईस्टरच्या दिवशीं उपवास सुटला कीं ही रास घराबाहेर पडे. मोठ्या माणसांनीं दीड महिना तोंडास न लावलेली वस्तु त्या दिवशीं मुलांच्या ओंजळींत येई. पुढें हें अंडें धर्मविधींतही शिरलें. १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत ईस्टरच्या अंड्यांना आशीर्वाद देण्याची प्रार्थना घातलेली आहे. पण हा आशीर्वाद मागाहूनचा, रास अगोदरची.

अंडें रंगविण्याची चाल किती जुनी आहे, याचा एक हिशेबी पुरावा इंग्लंडांत आहे. पहिल्या एडवर्ड राजाच्या घरखर्चाच्या वहींत १२९० सालीं साडेचारशें अंड्यांसाठीं अठरा पेन्स खर्च पडल्याची नोंद आहे. तीं रंगवून व सोन्याच्या वर्खानें मढवून राजवाड्यांतील मंडळींना वांटावयाचीं होतीं. एका पेनीस पंचवीस अंडीं हा भाव पाहिला म्हणजे वर सांगितलेली रास आम्हीं कल्पनेनें रचलेली नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां खेळ. जुने खेळ मुख्यतः दोन. पहिला टकरीचा: एकानें आपलें अंडें मुठींत असें धरावयाचें कीं त्याचें टोंक तेवढें वर दिसावें, दुसऱ्यानें आपल्या अंड्याच्या टोंकानें त्यावर टिचकी मारावयाची, ज्याचें फुटलें तो हरला, आणि बहुतेक ठिकाणीं फुटलेलें अंडें जिंकणाऱ्याचें. ग्रीस देशांत हीं अंडीं तांबडीं रंगवितात व अजूनही ईस्टरच्या रात्रीं लहानथोर सर्वच हा खेळ खेळतात. दुसरा घरंगळविण्याचा: टेकडीच्या उतारावरून अंडीं सोडावयाचीं, ज्याचें न फुटतां सर्वांत दूर जाईल तो जिंकला. उत्तर इंग्लंडांत प्रेस्टन गांवच्या ॲव्हनम उद्यानांत ईस्टरच्या सोमवारीं हा खेळ अनेक पिढ्या चालत आलेला आहे. हे दोन्ही खेळ नीट न्याहाळले म्हणजे ते वस्तूच्या स्वभावांतूनच निघाले आहेत असें दिसतें. अंडें टिकविण्यासाठीं तें कठीण उकडावें लागे. कठीण उकडलेलें अंडें पडलें तरी वाहून जात नाहीं. आणि खावयाचें तर कवच फोडावेंच लागतें. मुलांनीं एवढेंच केलें कीं, कवच फोडण्याच्या या घरगुती कामास पैजेचें रूप दिलें. हरला तरी अंडें कोणाच्या तरी पोटांतच जाई. कांहीं वांयां जात नसे.

दडविलेलें अंडें शोधण्याचा खेळ, म्हणजे आज खारघरांत चालतो तो, बराच मागाहूनचा आहे, आणि त्याचा जन्म आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांनीं उपवासाच्या सक्तीवरच शस्त्र धरलें. १५२२ सालीं झुरिच शहरांत कांहीं मंडळींनीं प्रायश्चित्तकालांत मुद्दाम सॉसेज खाल्लें, त्यावरून केवढा गदारोळ उडाला हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सुधारक पंथाच्या प्रदेशांत उपवास सैल झाला, पण अंडें राहिलें. मग तें मुलांना द्यावयाचें कोणत्या निमित्तानें? १६८२ सालीं गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्यानें ईस्टरच्या अंड्यांवर एक लॅटिन निबंध लिहिला. आल्सास व त्याच्या आसपासच्या प्रांतांत साधेभोळे लोक मुलांना सांगतात कीं ईस्टरचा ससा हीं अंडीं घालून गवतांत व झुडपांत लपवून ठेवतो, आणि मग मुलें तीं शोधीत फिरतात, असें त्यांत आहे. वैद्यबोवांचा मूळ रोख मात्र ससा नव्हता. ईस्टरला लोक इतकीं अंडीं खातात कीं पोटें बिघडतात, ही त्यांची तक्रार होती.

जुन्या खेळांत अंड्याचें मोल तें इतके दिवस मिळालें नाहीं म्हणून असे. उपवासाची ती ओढ गेल्यावर मोल दुसऱ्या रीतीनें उत्पन्न करावें लागलें: अंडें लपवावें, म्हणजे मिळाल्याचा आनंद होईल. ससा हा त्या लपविण्याचा बहाणा. जर्मन वसाहतवाल्यांबरोबर अठराव्या शतकांत हा ससा पेन्सिल्व्हानियांत गेला. आणि इंग्लंडच्या राजघराण्यांत तो जर्मन आईच्या पदराखालून शिरला. पुढें राणी झालेली व्हिक्टोरिया तेरा वर्षांची असतांना, १८३३ च्या ईस्टरला, आईनें लपविलेलीं रंगीत अंडीं आपण शोधल्याचें तिनें रोजनिशींत टिपून ठेविलें आहे. पुढचा प्रवास व्यापाराचा. १८७३ सालीं ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें चॉकोलेटचें पोकळ अंडें बाजारांत आणलें, आणि विसाव्या शतकांत प्लॅस्टिकचें कवच आलें. कोंबडीचा या सणांतील हक्क तेथें संपला.

अमेरिकेंतील एक कथा येथें सांगण्याचा मोह होतो. वॉशिंग्टन येथें संसदभवनाच्या टेकडीवर मुलें ईस्टरच्या सोमवारीं अंडीं घरंगळवीत. हिरवळीची नासाडी होते म्हणून १८७६ सालीं काँग्रेसनें कायदा करून तें मैदान खेळास बंद केलें. १८७८ सालीं अध्यक्ष हेज यांनीं मुलांस आपल्या निवासस्थानाची हिरवळ उघडून दिली, आणि 'व्हाइट हाउस'चा तो वार्षिक खेळ सुरू झाला. एका राष्ट्राच्या विधिमंडळास गवत वांचविण्यासाठीं मुलांविरुद्ध कायदा करावा लागला, हें वाचून आमच्या उद्यानांतील पाट्या लिहिणारांस धीर येईल.

वाचक विचारतील, ख्रिस्ती धर्म महाराष्ट्रांत येऊन शतकें लोटलीं. मग हा खेळ आमच्याकडे इतक्या उशिरा कां आला? प्रश्न रास्त आहे. गुजरातच्या बहादूरशहानें वसईचा मुलूख १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांस दिला, व मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. सत्ता गेली तरी तेथील ख्रिस्ती कुटुंबें आपल्या वाड्यांत, आपल्या बोलीसह राहिलीं. याच समाजांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या कुटुंबांच्या मुलांना ईस्टर नव्हता असें कोण म्हणेल? झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वादित झावळीच्या पात्या सोलून त्यांचे क्रूस व लहान लहान वस्तु विणणें, हें बोटांना शहाणें करणारें कामच आहे. पुढें पवित्र गुरुवारपासून देवळाची घंटा मुकी होते व तिच्या जागीं लाकडावर लाकूड वाजतें. मुलांना या खडखडाटाचें आकर्षण घंटेपेक्षां अधिक असावें यांत नवल नाहीं. मग पुनरुत्थानाच्या विधींत घंटा एकदम मोकळी होते. हा विधि आज शनिवारीं रात्रीं होतो. परंतु १९५१ सालीं प्रयोगादाखल व १९५५ च्या सुधारणेनें कायमचा तो रात्रीं नेण्यापूर्वीं अनेक शतकें तो शनिवारीं सकाळींच उरकत असे.

अंड्याचा शोध मात्र या परंपरेंत नव्हता, कारण ज्यांच्याकडून ती आली त्या पोर्तुगीजांतच तो नव्हता. पोर्तुगालांत 'फोलार' नांवाचा गोड पाव करतात. त्यांत सबंध अंडें कवचासकट बसवून भाजतात, आणि धर्मपिता किंवा धर्ममाता तो आपल्या धर्मपुत्रास देते. साखरेंत घोळलेले बदामही देण्याची चाल आहे. तेथें अंडें देण्याचें आहे, हुडकण्याचें नाहीं. मुंबईंत वांद्र्याच्या बेकऱ्यांतून ईस्टरच्या सुमारास बदामाच्या वा काजूच्या लगद्याचीं अंडीं मिळतात. तीं मार्झिपॅनचीं अंडीं या बदामी परंपरेच्या नात्यांतलीं दिसतात. त्यांत पडणारा काजू पोर्तुगीजांनींच ब्राझिलांतून आणून आमच्या किनाऱ्यावर लाविला, हें त्या दुकानासमोर उभें राहून आठवावें.

प्रॉटेस्टंट मिशनांची गोष्ट निराळी. मुंबईंत १८१३ सालीं आलेले व पुढें अहमदनगरास रुजलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन परंपरेचे. १८२९ सालीं मुंबईस आलेले जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. प्यूरिटनांचें राज्य असतांना १६४७ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें नाताळ व ईस्टर हे दोन्ही सण रद्द केले होते. या सणांना शास्त्राधार नाहीं, असें त्यांचें मत होतें. अशा गुरूंच्या हातून मराठी ख्रिस्ती मुलास पुस्तक मिळालें, शाळा मिळाली, भजन मिळालें. ससा व रंगीत अंडें मिळण्याचा संभव थोडा. तात्पर्य, कॅथलिकांकडे उपवास होता पण लपंडाव नव्हता, आणि प्रॉटेस्टंटांकडे सणच नेमस्त होता. खारघरांत आला तो खेळ वसईहून आलेला नाहीं व नगराहूनही नाहीं. तो शिशुशाळांच्या छापील कार्यक्रमांतून व दुकानांच्या कपाटांतून थेट आला, आणि त्याच्या मागें कोणाचाच उपवास नाहीं.

कोणाचाच म्हणणें मात्र न्याय्य होणार नाहीं. सिडको १९७० सालीं स्थापन झाली व नवी मुंबई वसूं लागली, तेव्हांपासून केरळांतून आलेलीं सीरियन ख्रिस्ती कुटुंबें या शहरांत राहत आहेत; त्यांच्यांतील एका मोठ्या पंथासाठीं कल्याण येथें १९८८ सालीं स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ईस्टरपूर्वीं पन्नास दिवसांचें 'नोम्बु' पाळण्याची यांची जुनी रीति आहे. जे तें कडकपणें पाळतात ते मांस, मासे, अंडीं व दूध सोडतात, आणि ईस्टरच्या सकाळीं अप्पम व रश्श्यानें तें सोडतात. म्हणजे एकाच इमारतींत चौथ्या मजल्यावर पन्नास दिवस अंडें न खाल्लेलें घर असावें, आणि खालीं बागेंत, ज्यांना या गोष्टीची वार्ताही नाहीं अशीं मुलें प्लॅस्टिकचीं अंडीं वेंचीत असावींत, असा प्रसंग आमच्या या गांवांत घडूं शकतो. खेळ व त्याचें कारण यांची इतक्या जवळून चुकामूक झालेली आम्हीं इतिहासांत क्वचितच पाहिली आहे.

अंड्याचा खेळ हा ख्रिस्ती लोकांचाच, असेंही नाहीं. आसामांत बोहाग बिहूच्या वेळीं, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, 'कणी जुज' नांवाची अंड्यांची झुंज खेळतात. कणी म्हणजे अंडें. इराणी लोकांच्या नवरोजच्या मांडणींत रंगविलेलीं अंडीं असतात, व तो दिवस २१ मार्चच्या सुमारास येतो. अंडें सजविण्याची हौस तर आमच्याच भूमींत फार जुनी आहे. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें पुरातत्त्वज्ञ सा. अ. साळी यांनीं केलेल्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सांपडला. त्यावर आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे, व त्याचें वय सुमारें पंचवीस हजार वर्षें धरतात. त्या कोरणाराचा ईस्टरशीं अर्थातच संबंध नाहीं. पण रंगविलेलें अंडें मराठी मुलुखास नवीन, असें म्हणणारानें पाटण्याचें नांव ऐकून ठेवावें.

तथापि टकरीच्या खेळाचा सर्वांत जवळचा आप्त आम्हांस खारघरच्या आगरी-कोळी परिसरांत सांपडतो. खारघर, कोपरा, बेलपाडा, ओवे हीं मूळचीं गांवें आज सेक्टरांच्या आंकड्यांमधून डोकें वर काढून उभीं आहेत. एके काळीं येथें भातखाचरें व खाडी होती. रायगडच्या या पट्ट्यांत नारळी पौर्णिमेस नारळफोडी खेळतात. आपला नारळ हातांत घट्ट धरावयाचा, प्रतिपक्ष्यानें आपल्या नारळानें त्यावर घाव घालावयाचा. ज्याचा फुटला तो हरला व फुटलेला नारळ जिंकणाराचा. मालवणाकडे याला नारळ लढविणें म्हणतात. नारळ निवडण्याचें यांत एक शास्त्रच आहे: आकार लहान, करवंटी जाड, आंतील पाणी हलवून पाहावयाचें, बोटानें वाजवून नाद ऐकावयाचा. ग्रीसमधील मुलेंही अंडें दांतांवर वाजवूनच निवडतात. फुटलेल्या नारळांचा मग नारळीभात होतो. येथेंही कांहीं वांयां जात नाहीं.

या दोन खेळांत कोणी कोणाकडून कांहीं घेतलें असें आम्ही सुचवीत नाहीं. साम्य आहे तें हेतूंचें. पावसाळ्याचे महिने समुद्र होडीस बंद असतो. आतां तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस कायद्यानेंच बंदी असते. त्या सक्तीच्या खंडाचा शेवट नारळी पौर्णिमेस होतो, दर्यास नारळ वाहतात, आणि मुलांच्या हातीं नारळ येतात. साम्य पुरतें जुळतें असेंही नव्हे, कारण नारळ हा कांहीं त्या काळांत वर्ज्य पदार्थ नाहीं. परंतु बंद दिवस संपल्याच्या आनंदांत कठीण कवचाची एक खाण्याची वस्तु घेऊन ती एकमेकांवर फोडावी, ही बुद्धि ग्रीक मुलास सुचली तशीच कोळ्याच्या पोरासही सुचली. वेंचण्याच्या खेळाचेंही आमच्याकडे एक रूप आहे. संक्रांतीच्या दिवसांत बाळाच्या बोरन्हाणांत बोरें, ऊंसाचीं कांडकीं, चुरमुरे व हलवा डोक्यावरून ओततात आणि भोंवतालचीं मुलें त्यावर तुटून पडतात. त्यांत शोध नाहीं, लूट आहे. शोधापेक्षां लूट मुलांस अधिक आवडते, असें आमचें निरीक्षण आहे. पण शोधांत लहानग्यासही संधि मिळते, लुटींत ती मोठ्याच पोरांस मिळते.

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. परदेशी म्हणून हा खेळ हाकलून द्यावा, हें आम्हांस पटत नाहीं. शाकाहारी घरांची अडचणही प्लॅस्टिकच्या कवचानें दूर केली आहे, हें मान्य करावयास हवें. आमची तक्रार वेगळी आहे. त्या अंड्यांत मुलांनीं करावयाचें कांहींच उरलेलें नाहीं. रंग कारखान्याचा, गोडी दुकानाची, लपविणें मोठ्यांचें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें, तेव्हां परदेशी पद्धतींतलें तत्त्व घेऊन साधनें मात्र त्यांनीं शिंपले, बिया, पानें, माती यांचीं केलीं. माँटेसरीबाई इटलीच्या म्हणून त्यांस नाकारलें नाहीं, आणि त्यांचीं महागडीं लांकडी साधनें जशींच्या तशीं आणलींही नाहींत. ही दृष्टि ठेविली तर ईस्टरच्या अंड्यांत शिशुशाळेला करण्यासारखें पुष्कळ आहे. आमचे स्वतःचे खेळही याच मार्गानें जात आहेत, हेंही विसरून चालणार नाहीं. बारा महिने कांदा खाणारीं घरें कांदेनवमीस भजीं तळतात, बर्फांतले मासे भर पावसाळ्यांत मिळतात, आणि नारळफोडीच्या पैजा आतां मंडळांच्या फलकाखालीं व बक्षिसांच्या घोषणेनें होतात. कारण सुटलेले खेळ एकट्या ईस्टरचेच नाहींत.

ज्यांच्या घरीं अंडें चालतें त्यांनीं एकदां जुन्या रीतीनें रंगवून पाहावें. यास बाजारांतून कांहीं आणावें लागत नाहीं. आठ-दहा कांद्यांचीं वाळलेलीं तांबूस सालें पाण्यांत पाव तास उकळावींत व त्यांत चमचाभर शिरका घालावा. अंड्यावर कोथिंबिरीचें एखादें पान ओलें करून चिकटवावें, वरून पातळ फडक्याची पुरचुंडी घट्ट बांधावी, आणि तें अंडें त्या पाण्यांत दहा मिनिटें उकळूं द्यावें. सालें तांबड्या कांद्याचीं असतील तर रंग तपकिरी-तांबडा येतो. फडकें सोडलें म्हणजे पानाचा फिकट ठसा उमटलेला दिसतो, आणि तो पाहतांना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. हळदीच्या पाण्यांत पिवळें होतें. मग टकरी खेळाव्या, फुटलेलें अंडें सोलून मीठ-मिरीबरोबर खावें. मात्र एका मुलास दोनांहून अधिक देऊं नयेत. फ्रांकेनाउ वैद्यांची तक्रार अजून खोटी ठरलेली नाहीं.